कॉमन मीटर: युनिट उतरले पण डिमांड चार्ज वाढला, असं का?

कोथरूडकर_४८:
नमस्कार मंडळी, आमची ४८ फ्लॅटची सोसायटी. पार्किंग आणि जिन्यातल्या ४० चोकवाल्या ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी लावल्या, युनिट खरंच उतरले, पण बिलात डिमांड चार्जची ओळ आहे ती उलट गेल्या महिन्यात वाढली. मीटिंगमध्ये सगळे मलाच विचारतायत. हे डिमांड कमी कसं करायचं?

वायरमन_पुणे:
दादा, युनिट म्हणजे महिनाभरात वीज किती जळली आणि डिमांड म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली. मोटर चालू होतानाचा झटका नाही, ठरावीक मिनिटांची सरासरी, आणि महिन्यातली सगळ्यात मोठी सरासरी बिलात येते. जुनी ट्यूब चोकसकट ५५ वॅट धरा, ४० ट्यूबचे वाचले १.४ किलोवॅट, रोज १२ तास म्हणजे महिन्याला ५०० युनिट, मस्तच. पण १० एचपीचा एक पंप साडेसात किलोवॅट, दोन एकदम लावले की १५! एकाच संध्याकाळी लावले तरी महिनाभर तोच आकडा. मीटरच्या डिस्प्लेवर एमडी, म्हणजे मॅक्सिमम डिमांड येतो, रोज लिहून ठेवा.

हिंजवडी_मेंटेनन्स:
बरोबर. आमच्या ऑफिस बिल्डिंगला डिमांड केव्हीएमध्ये मोजतात, म्हणजे किलोवॅटसारखंच पण कामाला न लागणारा करंटही धरून. पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातला कामाला लागणारा भाग) ०.८ असेल तर १०० किलोवॅटला १२५ केव्हीए पडतात, म्हणून पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनल आधी चेक करा. आणि सकाळी सगळ्या मजल्यांचे एसी एकदम न लावता १५-१५ मिनिटांनी लावतो.

औंधची_ताई:
घरात पण हेच करा ना, गीझर २००० वॅटचा, दोन बाथरूमचे एकदम कशाला? आमच्याकडे एकाची आंघोळ झाली की दुसरा लावतो. एसी २४ वर, पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, ७५ वॅटच्या जागी ३०. एप्रिलमध्ये अख्खी गल्ली रात्री दहाला एसी लावते तेव्हा ट्रान्सफॉर्मरवर काय लोड येत असेल!

कोथरूडकर_४८:
सापडलं! गच्चीवरची टाकी संध्याकाळी रिकामी व्हायची म्हणून वॉचमनकाका सातला दोन्ही पंप लावायचे, लिफ्टची गर्दी पण तेव्हाच. आता एक पंप अकराला, दुसरा दोनला, टायमर बसवला. एक विचारायचं होतं, फायर पंपाची टेस्ट?

वायरमन_पुणे:
टेस्ट अजिबात चुकवू नका दादा, फक्त दुपारी पाण्याचे दोन्ही पंप बंद असताना घ्या.