इंग्रजी वाक्य बरोबर आहे का आणि ते तसे लिहिले जाते का, हे कसे तपासावे?

भट्टीकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरात शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (वाळूच्या साच्यांत वितळलेला धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) मी परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार सांभाळते. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असले, तरी इंग्रजी व्याकरण मी मन लावून शिकले आहे. गेल्या महिन्यात पंप हाउसिंगच्या (पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या) एका लॉटमध्ये मशिनिंगनंतर ब्लोहोल, म्हणजे धातूत वायूमुळे राहिलेल्या पोकळ्या, निघाले, तेव्हा मी जर्मनीतील गिऱ्हाइकाला तीन वाक्ये लिहिली: "वुई आर सप्लाइंग धिस पार्ट सिन्स २०१६." "वुई हॅव चेक्ड द सँड यस्टरडे." "प्लीज डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक." त्यावर त्यांनी विचारले, की आम्ही नेमके काय करावे अशी तुमची अपेक्षा आहे? मला बाद झालेल्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) फोटो आणि त्यांवरचे हीट नंबर, म्हणजे कोणत्या वेळी वितळवलेल्या धातूचा भाग आहे ते सांगणारे क्रमांक, हवे होते. पण ते मी कुठे लिहिलेच नव्हते. संगणकाने एकाही शब्दाखाली लाल रेघ ओढली नव्हती. पत्र पाठवण्यापूर्वी अशी वाक्ये तपासायची कशी?

निवृत्त मास्तर

ताई, आपल्या तीन वाक्यांतील दोष एका जातीचे नाहीत, आणि ते वेगळे केल्याशिवाय तपासणी नीट होणार नाही. पहिली दोन वाक्ये व्याकरणात चुकली आहेत आणि दोन्हींच्या तळाशी आपली मराठी आहे. "आम्ही २०१६ पासून पुरवत आहोत" हे मराठीत निर्दोष आहे. परंतु मागे सुरू होऊन आजवर चालत आलेल्या क्रियेसाठी इंग्रजीला "हॅव बीन सप्लाइंग" लागते. "काल वाळू तपासली आहे" असे आपण सहज म्हणतो, पण संपलेला काळ सांगणारा "यस्टरडे" आला, की तिथे "हॅव" बसत नाही. "वुई चेक्ड द सँड यस्टरडे" एवढेच पुरते. वाक्य लिहून झाल्यावर त्याचे शब्दशः मराठी करून पाहा. ते फारच सुरळीत उतरले, तर क्रियापदाच्या काळाकडे पुन्हा एकदा बघावे, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

तिसऱ्या वाक्यातील "डू द नीडफुल" मध्ये व्याकरणाची चूक नाही. ही जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातली भाषा आपल्याकडच्या कचेऱ्यांत टिकून राहिली, तिकडे मात्र ती मागे पडली. "रिव्हर्ट" चा तिकडचा रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे, उत्तर देणे असा नाही; शिवाय त्यात "परत" हा अर्थ असल्यामुळे "बॅक" ची गरजही उरत नाही.

कोशवाचक

मी तांत्रिक मजकुराचे भाषांतर करतो. सरांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. व्याकरणासाठी शिकणाऱ्यांकरिता तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश जवळ ठेवावा, कारण शब्दापुढे कोणते अव्यय येते आणि त्याचे अनेकवचन होते की नाही, हे त्यात दिलेले असते. "डिस्कस" पुढे "अबाउट" येत नाही आणि "इक्विपमेंट" ला "एस" लागत नाही, या दोन गोष्टी मला तिथेच कळल्या. रूढ वापर पाहण्यासाठी कॉर्पस, म्हणजे खऱ्या लेखनाचे आणि बोलण्याचे शोधता येणारे भांडार, उपयोगी पडते. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत, तर समकालीन अमेरिकन इंग्रजीच्या कॉर्पसमध्ये १९९० पासूनचे १०० कोटींहून अधिक. केवळ आकडा पाहून थांबू नका, चार ओळी उघडून वाचा. अवतरणचिन्हांत वाक्यांश घालून साध्या शोधयंत्रात पाहिले, तर "डू द नीडफुल" भरपूर सापडेल. पण ते लिहिणारे बहुतेक आपणच असतो, आणि तिथेच फसगत होते.

रंकाळा

एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. भारतीय इंग्रजीला सरसकट चूक ठरवू नये. मुंबईच्या कार्यालयाला "डू द नीडफुल" लिहिले, तर ते कोणालाही अडत नाही. पत्र कोण वाचणार आहे, यावर ते ठरावे.

निवृत्त मास्तर

मान्य आहे. मात्र इथे वाचणारा जर्मन होता, आणि काय करायचे ते वाक्यात नव्हते. ताई, अशा ठिकाणी सरळ मागणीच लिहावी: "प्लीज सेंड अस फोटोज ऑफ द रिजेक्टेड कास्टिंग्ज, विथ देअर हीट नंबर्स."

भट्टीकाठ

मनापासून आभार. आज याच पद्धतीने नवे पत्र लिहिले आणि "वुई आर हॅविंग टू फर्नेसेस" हे वाक्य माझे मलाच सापडले. कोशातली उदाहरणे पाहून "वुई हॅव" केले. एक शंका उरली आहे. मराठीत "द" नसल्यामुळे मी तो प्रत्येक नामापुढे लावत सुटते. त्याला काही आधार आहे का?

निवृत्त मास्तर

नामापुढे "कोणते?" असे विचारा. वाचणाऱ्याला त्याचे उत्तर ठाऊक असेल, तर बहुधा "द" येतो. त्या लॉटची वाळू असेल तर "द सँड". आमच्याकडे साचे वाळूचे असतात, एवढेच सांगायचे असेल तर नुसते "सँड". नद्यांच्या आणि देशांच्या नावांना हा नियम पुरत नाही. ती कोशातच पाहावीत.