फाटलेली कानाची पाळी शिवून घेणं म्हणजे नखरे का?

मनवा: माझ्या डाव्या कानाची पाळी ७ वर्षांपूर्वी फाटली. जड कानातली घालून घालून भोक आधीच ओघळलेलं, त्यात केस विंचरताना कंगवा अडकला, एक हिसका आणि पाळी खालपर्यंत दुभंगली. तेव्हापासून केस कानामागे घेतलेले नाहीत, वारा सुटला की हात आपोआप कानावर जातो. आता शिवून घेते म्हटलं तर घरचे म्हणतात एवढ्याशा पाळीसाठी कोण सुरी लावून घेतं, नखरे आहेत सगळे. दात पडला तर बसवतोच ना आपण? त्याला कोणी नखरे म्हणत नाही.

रानजाई: ताई राग मानू नका, पण मी घरच्यांच्या बाजूने. ऐकू नीट येतंय, दुखत नाही, मग हात कशाला लावायचा? माझ्या बहिणीने कानाला दुसरं भोक पाडलं तिथे कीलॉइड आला, म्हणजे जखमेचा व्रण वाजवीपेक्षा फुगून वाढत जातो तो, आधी मण्याएवढी गाठ, ती कापून काढली तर वर्षभरात गोटीएवढी होऊन परत आली. झोपेत खाजवते बिचारी, सकाळी उशीला रक्त. पाळीवर कीलॉइड येण्याचं प्रमाण बरंच असतं, सावळ्या कातडीला तर जास्तच. हे आधी कोणी सांगत नाही याचाच मला संताप येतो.

बोरकाठ: रानजाई, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा, अंगावर जुना व्रण फुगलेला असेल तर सर्जनला आधीच सांगायचं. पण म्हणून सगळ्यांनीच घाबरून बसायचं का? फाटलेली पाळी आपली आपण जुळत नाही, फटीच्या दोन्ही कडांवर कातडी चढलेली असते, त्यामुळे टेप, गोंद लावून काही होत नाही. त्या कडा कापून ताज्या करायच्या आणि मग शिवायचं. लोकल भूल, साधारण अर्धा-पाऊण तास, टाके आठवडा-दहा दिवसांत निघतात. काही सर्जन नागमोडी शिवतात कारण सरळ व्रण आकसला तर खालच्या कडेला खाच पडते. आणि हे काय आजकालचं फॅड नाही, सुश्रुतसंहितेत कान जोडायच्या १५ पद्धती दिल्यात, पाळीच नसेल तर गालाची कातडी वळवून नवी करायची हेसुद्धा आहे!!

सांजवात: शिवण्याला माझी ना नाही. पण वयाने पाळी लोंबली म्हणून कापून छोटी करायची, पातळ झाली म्हणून फिलर, म्हणजे फुगवायचं जेल, सुईने भरायचं, याला माझा ठाम विरोध आहे. पाळीत कूर्चा नसतेच, नुसती कातडी आणि चरबी, ती सैल पडणारच. फिलर काही महिन्यांत विरतं, की पुन्हा सुई. याला शेवट कुठे?

बोरकाठ: ज्याचा कान त्याने ठरवावं. आपण कोण?

सांजवात: ठरवू दे की, पण जे बिघडलेलंच नाही त्याला बिघडलंय म्हणून सांगू नका, एवढंच माझं म्हणणं.

मनवा: रानजाई, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. माझ्या गुडघ्यावर जुना व्रण आहे, सपाट आहे, तरी सर्जनला दाखवणार. परत टोचायचं तर दोन-तीन महिने थांबून, तेही व्रण सोडून बाजूला, आणि जड काही नाही. पण मी शिवणार.

रानजाई: माझं मत तेच आहे. पण जाताच आहात तर उजवा कानही दाखवा, तिकडचं भोकही ओघळलं असणार.