कालव्याकाठी ५०० देशी रोपं, ६० स्वयंसेवक, एकच रविवार: जमेल का?

पायवाट_पुणे: सोसायट्यांनी मिळून कालव्यालगतच्या पायवाटेचा ६०० मीटर लांब, ४ मीटर रुंद पट्टा घेतला आहे. जमीन मुरमाड. बहावा, करंज, पळस, पिंपळ, उंबर आणि थोडे गुलमोहर अशी ५०० रोपं देणगीत मिळताहेत. जूनच्या पहिल्या रविवारी खड्डे खणून लगेच लावायचा विचार आहे. काय चुकतंय?

मुरूम_आणि_माती: तारीख चुकतेय आणि आकडाही. खड्डे एप्रिल-मे मध्येच खणून उन्हात तापू द्या. लागवड दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनअखेर किंवा जुलैत.

मोठी झाडं ६ मीटरवर एका ओळीत धरली तर १०० च बसतात. मधल्या जागेत झुडपं ३०० पुरे: निर्गुडी, अडुळसा, धायटी, करवंद, मुरुडशेंग. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तो नम्रपणे परत करा. पिंपळ-उंबरही कालव्याजवळ नकोत. मुळं कालव्याच्या भरावात आणि अस्तरीकरणात (आतल्या पक्क्या थरात) शिरली की गळती लागते, आणि मग पाटबंधारे खातं झाडच काढतं. परवानगी लेखी घ्याच.

झाडासाठी खड्डा २ x २ x २ फूट, झुडपासाठी १ फूट. भरताना निघालेली माती तीन वाटे, कुजलेलं शेणखत एक वाटा, निंबोळी पेंड पाव किलो. ओलं शेण घातलंत तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवीला आमंत्रण. मुरमात आणखी एक घोळ होतो: खड्डा हौदासारखा पाणी धरतो आणि मुळं कुजतात. आधी दोन बादल्या ओतून बघा, दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तळ पहारीने फोडा.

रोपवाल्या_ताई: पळस पिशवीतून लावू नका. सोटमूळ लांब, पिशवीत वळतं आणि रोप तग धरत नाही. ताजी पळसपापडी (पळसाचं बी) पावसाच्या तोंडावर जागेवरच पेरा, एका आळ्यात दोन-तीन. बाकी रोपांची पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढायची (स्वयंसेवक घाईत ती तशीच गाडतात, प्रत्येक गटामागे एकाने रिकाम्या पिशव्या मोजाव्यात). गोल फिरलेली मुळं कापा. पिशवीतल्या मातीची पातळी जमिनीच्या पातळीला यायला हवी, खोड पुरायचं नाही.

पायवाट_पुणे: ऑगर (खड्डे पाडायचं यंत्र) भाड्याने घेतला तर? आणि पाणी किती लागेल?

मुरूम_आणि_माती: ऑगर दगडात अडकतो. चाललाच तर खड्ड्याच्या भिंती घासून गुळगुळीत होतात, त्या पहारीने खरवडा. पाणी: झाडाला आठवड्याला २० लिटर, झुडपाला ५. म्हणजे ३,५०० लिटर, ५,००० चा एक टँकर. ऑक्टोबरपासून पुढच्या पावसापर्यंत, आणि हेच दुसऱ्या वर्षीही. रविवारच्या ६० माणसांपेक्षा मार्चमधली ६ माणसं आधी नक्की करा.

रोपवाल्या_ताई: आच्छादन ३-४ इंच पाल्याचं, पण खोडापासून चार बोटं लांब. रोप काठीला बांधताना सुतळी इंग्रजी आठसारखी, सैल. शेळ्या फिरत असतील तर बाहेरच्या कडेला निर्गुडी-अडुळसा दाट लावा, त्यांना त्या सहसा तोंड लावत नाहीत. आणि जानेवारीतच दोन्ही बाजूंचं वाळकं गवत कापून जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा पट्टा) काढा. वणव्याला एक विडीचं थोटूक पुरतं.

पायवाट_पुणे: मग खड्डे १५ मेपर्यंत, लागवड जुलैचा पहिला रविवार. गुलमोहर परत.