भाट्याच्या खाडीत काठावरून गरवायला (गळाने मासे धरायला) पहिली रॉड-रील कोणती? (बजेट ५,०००)

पुणेकर_भाट्येकर
नमस्कार मंडळी. राहतो पुण्यात, गाव रत्नागिरीजवळ. दिवाळीला आठवडाभर गावी आहे. लहानपणी मामाबरोबर काठीने गरवलंय, पण रॉड-रील कधी हातात धरली नाही. काजळी जिथे भाट्याला समुद्राला मिळते तो पूल आणि त्याच्या आतला काठ, एवढीच हद्द. होडी नाही. रॉड, रील, दोरी, गऱ्या (गळाचे आकडे) सगळं धरून ५,००० च्या आत बसवायचं आहे. एसटीने येणार, त्यामुळे सामान बॅगेत मावायला हवं. आमिष जिवंत घ्यावं की प्लास्टिकचं? आणि वेळ कुठली धरावी? जिताडा लागला तर सोन्याहून पिवळं, पण घरी पालू-तांबोशीही चालेल.

जिगहेड_ठाणे
५,००० मध्ये काही होत नाही साहेब, स्पष्टच सांगतो. बजेट नऊ-दहा करा. ८ फुटी दोन तुकड्यांची रॉड, मीडियम हेवी, त्यावर ४००० साइझची रील. मी शिमानो वापरतो, दायवाही चांगली. ब्रेड (विणलेली दोरी) २० पाउंड ताण सोसणारी, पुढे गरीच्या बाजूला ३० ते ४० पाउंडाचा लीडर (जाड दोरीचा तुकडा). स्वस्त रील खाऱ्या पाण्यात एक मोसम काढते आणि मग कॉफीच्या गिरणीसारखी वाजते. माझ्या सेटवर गेल्या वर्षी जो जिताडा आला त्याचा फोटो प्रोफाइलला आहेच.

कालावलकर
ओ दादानू, इतके पैसे कित्याक घालतास? आमच्याकडे खाडयेत पोरां पाण्याच्या बाटलेक दोरी गुंडाळून गरवतत नि तांबोशे काढतत. ४० नंबरची तंगूस (नायलॉनची दोरी), एक शिसां, एक गरी. शंभर रुपयांत काम. माशाक रॉड दिसणा नाय, चारो दिसता.

सह्याद्री_ट्रेकर
रॉड ८ फुटी घ्या, रील ४००० ची. बजेट थोडं वाढवता आलं तर बघा.

सुकतीभरती
रॉडचं नंतर बघू. ज्याला वेळ कळली त्याला मासा. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, अमावस्येला अकरा-सव्वाअकरा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अमावस्या, म्हणजे भरती दुपारच्या आधी आणि सुकती (ओहोटी) संध्याकाळी पाच-साडेपाचला. ढोबळ हिशोब आहे. खाडीत आत जाल तसा उशीर होतो. नेमकी वेळ हवी तर टाइड टेबल बघा.

पाणी थांबलेलं असताना गळ टाकून बसण्यात अर्थ नाही. पाणी चालायला लागतं तेव्हा मासा फिरतो. भरती लागल्यावरचे पहिले दोन तास पुलाच्या खांबाशी बघा. सुकती धरल्यावर जागा बदला: खाजणातलं (खाऱ्या दलदलीतलं) पाणी जिथून खाडीत पडतं ती ओहळाची तोंडं, आणि कुठे उघाडी (बांधातली पाणी सोडायची दारं) असेल तर तिच्या पुढचा डोह. कोळंबी आणि बारीक मासळी त्या पाण्याबरोबर बाहेर येते आणि जिताडा तोंड वर करून उभाच असतो. दिवाळीचं उधाण जोराचं असतं, शिसं वाहून जाईल. भाऊबीज झाल्यावर पंचमी-षष्ठीपासून भांगाकडे (कमी भरती-ओहोटीच्या दिवसांकडे) पाणी मंद होतं, गढूळपणाही कमी होतो. प्लास्टिकचं आमिष टाकायचंच असेल तर ते दिवस धरा.

जिगहेड_ठाणे
उधाणाला मोठा मासा आत येतो. भांगाला काय बारीक मासळी धरणार?

सुकतीभरती
मोठा मासा आत येतो हे खरं. तुमचा गळ तळाशी राहतो का, हा प्रश्न आहे. नवीन माणसाला ४० ग्रॅम शिसं आणि उधाणाचा ओढा द्यायचा म्हणजे दोरीच तुटायची.

वेंगुर्ल्याची_सून
माझे सासरे रोज जेटीवर बसतात, त्यांच्याकडून शिकलेलं लिहिते. जिवंत कोळंबीला तोड नाही. बाजारातली बर्फातली नको. पहाटे पागणाऱ्यांना (फेकजाळं टाकणाऱ्यांना) विचारा, वाटाभर जिवंत देतात. बादलीत खाडीचंच पाणी, नळाचं अजिबात नाही. बॅटरीवरचा मत्स्यालयाचा पंप लावा. तो नसला तर थोड्या थोड्या वेळाने निम्मं पाणी बदला आणि बादली सावलीत ठेवा. कोळंबी पांढरट पडली की ती गेली समजा.

गरी लावताना डोक्यात जो काळा ठिपका दिसतो त्याला धक्का लागता कामा नये. काट्यासारखी जी सोंड पुढे असते तिच्या मुळाशी, ठिपक्याच्या पुढून, आडवी टोचा. मग ती तासभर पोहते. शिसं जड बांधायचं असेल तर शेपटीच्या शेवटच्या पेरातून टोचली तरी चालते, पण फेकताना सुटते. कोळंबी नाही मिळाली तर बोयची फाक, तारलीचा तुकडा किंवा तिसऱ्याचं (शिंपल्याचं) मांस. तिसऱ्याचं मांस मऊ असतं, शिवायच्या दोऱ्याने दोन वेढे द्या, नाहीतर बारीक मासे टोचून टोचून संपवतात. पालूला तिसऱ्याचं मांस फार आवडतं.

राजापूरची_गंगा
काळुंदर माशाला मळलेली कणीक, चिमूटभर हळद घालून. बाकी सगळं थोतांड.

कालावलकर
काळुंदर कालावलातच खावची.

राजापूरची_गंगा
आमच्याकडची खाऊन बघा एकदा, मग बोला.

निवृत्त_मास्तर
कोणी शिंगाळ्याबद्दल लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. खाडीत सगळ्यात आधी लागतो तोच. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन काटे, करवतीसारखे दाते असलेले, वर विष. मला अंगठ्याला लागला होता. काटा बारीक, पण कळ खांद्यापर्यंत चढली आणि रात्रभर झोप नाही. लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून धरा, अर्धा-एक तास, पाणी निवलं की बदला. त्याने वेदना खरंच उतरते. त्यानंतर डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन बघा, काटा आत मोडलेला असू शकतो. गरी सोडवायला लांब नाकाची पक्कड हवी. पाचशे रुपये रीलमधून कमी करा, पण पक्कड घ्या. आणि पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत सरका. शेपटीला काटा असलेलं पाकट वाळूत दडलेलं असतं.

सह्याद्री_ट्रेकर
शिंगाळ्याचं कालवण मात्र झकास होतं. त्रिफळं घालून.

जिगहेड_ठाणे
शिंगाळा परत सोडतो मी. आपण स्पोर्टसाठी जातो.

कालावलकर
मग जेवतास काय?

खांबाखालचा_तांबोशी
पुलाखाली कालवं (धारदार शिंपले) चिकटलेली असतात हे कोणी बोललंच नाही. ब्रेड कितीही पाउंडाची घ्या, कालवावरून एकदा घासली की संपली. म्हणून लीडर मोनोचा (एकसंध नायलॉनचा) आणि जाड, ४० चा, हातभर तरी लांब. तांबोशी आमिष घेतो आणि तिथल्या तिथे वळून खांबाकडे पळतो, त्याला पहिल्या झटक्यात बाहेर ओढला नाही तर मासाही गेला आणि गरीही. सर्कल हूक (टोक आत वळलेली गरी) घ्या. त्यावर हिसका मारायचा नसतो, दोरी ताणली की नुसती रील फिरवत राहायचं. गरी जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसते. सवयीने हिसका माराल तर निसटेल.

आणखी एक. ब्रेड थेट रीलच्या स्पूलवर (चरकीवर) गुंडाळू नका, आतल्या आत घसरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) खराब आहे. खाली थोडी मोनो गुंडाळा किंवा चिकटपट्टीचा एक वेढा द्या. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्शावर ठेवा. २० पाउंड म्हणजे ९ किलो, पाव हिस्सा सव्वादोन. बॅगा तोलायचा ताणकाटा लावून मोजता येतं.

मुंबैचा_हौशी
मी ऑनलाइन एक लूरचा (नकली आमिषांचा) डबा मागवला होता, शंभर तुकडे, फोटोत काय चकाकत होते! पहिल्याच दणक्यात तिनतोंडी गरी सरळ झाली. कंपनीचं नाव घेत नाही. तेव्हापासून मोजके चांगले घेतो. तीन इंची रबरी कोळंबी, १० ग्रॅमचा जिगहेड (शिसं जडवलेली गरी), तळाला टेकवायची, उचलायची, टेकू द्यायची. खाली पडतानाच घाव येतो, म्हणजे मासा तोंड मारतो.

जिगहेड_ठाणे
मी तेच म्हणतोय पहिल्यापासून.

सुकतीभरती
तुम्ही पहिल्यापासून ८ फुटी रॉड म्हणताय.

चिपळूणकर_दादा
कोणी आमच्या वाशिष्ठीत यायचं म्हणत असेल तर काठाशी पाण्यात उभं राहून गरवू नका. मगरी आहेत. सावित्रीतही आहेत. भाट्याचं मला माहीत नाही.

पुणेकर_भाट्येकर
सगळ्यांचे आभार. दोन शंका. पुलावरून गरवलेलं चालतं का? आणि दुकानदार १० फुटी टेलिस्कोपिक दाखवतोय, मिटवली की दोन फुटांची होते, बॅगेत मावते. कशी आहे?

जिगहेड_ठाणे
अजिबात नको. टेलिस्कोपिक म्हणजे खेळणं. सांध्यातून मोडते.

सह्याद्री_ट्रेकर
टेलिस्कोपिक नको. दोन तुकड्यांची ८ फुटी.

खांबाखालचा_तांबोशी
मीही नको म्हणेन. १० फूट काठावर उगाच लांब, आणि टोकाला घाव कळत नाही. पूल हा पावसकडे जायचा वाहता रस्ता आहे, मागून गाड्या जातात, फेकायला जागा नाही. खाली उतरा. राजीवड्याच्या बाजूला होड्या आणि जाळी असतात, आधी तिथल्या माणसांना विचारा, जाळ्यावर गळ टाकलात तर बोलणी खाल आणि ती बरोबरच असतील. मुखाशी गाळ साचलाय, होड्यांची वाट अरुंद झाली आहे, त्या वाटेत शिसं टाकू नका.

निवृत्त_मास्तर
पक्कड घेतलीत का?

पुणेकर_भाट्येकर
घरी आलो परवा, म्हणून कळवतो. टेलिस्कोपिकच घेतली. एसटीत मांडीवर बॅग घेऊन बसणारा माणूस ८ फुटी रॉडचे दोन तुकडे कुठे ठेवणार? रील साधी ३००० ची, शिमानोची एफएक्स. ब्रेड घेतलीच नाही, ०.३५ मिमीची मोनो भरली. गुंता झाला तर तोडून फेकता येते, हातही कापत नाही. उरलेल्या पैशात सर्कल हूक, शिसं, पक्कड आणि पंप. सगळं ४,७०० च्या आत.

उधाणाचे दिवस वाया गेले, सुकतीभरती म्हणाले तसंच. शिसं थांबेना. षष्ठीला संध्याकाळी एका ओहळाच्या तोंडाशी जिवंत कोळंबीवर दोन पालू आले, एक चांगला तळहाताहून मोठा. एक तांबोशी लागला आणि कालवांत घुसून दोरी कापून गेला. शिंगाळे आले ते पकडीने सोडवले. जिताड्याने दर्शन दिलं नाही. लूर डब्यातून निघालाच नाही.

जिगहेड_ठाणे
ब्रेड असती तर तांबोशी हातात आला असता.

खांबाखालचा_तांबोशी
ब्रेड असती तरी गेला असता. लीडर किती जाड होता?

पुणेकर_भाट्येकर
लीडर लावला नव्हता. मोनोच सरळ गरीला.

वेंगुर्ल्याची_सून
पालूचं काय केलंत? तळला असेल तर ठीक. रील गोड्या पाण्याने धुतलीत का? नळाची धार मारू नका, मीठ आत जातं. ड्रॅग घट्ट करून ओल्या फडक्याने पुसा, सुकली की ड्रॅग सैल करून ठेवा. आणि टेलिस्कोपिक मिटवताना बुडाच्या जाड तुकड्यापासून सुरुवात करा, शेवटी टोक. प्रत्येक सांधा पुसून मगच आत सरकवा. वाळूचा एक कण अडकला तर पुढच्या वेळी ती उघडायला दोन माणसं लागतील.