मदत हवी आहे : उत्तर आधीच न सांगणारी विज्ञानाची मराठी पुस्तके आणि प्रयोग

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला राहतो. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली. विज्ञानाशी माझा संबंध बारावीलाच संपला होता, तो गेल्या दिवाळीपासून नातीमुळे पुन्हा जुळला आहे. नात चौथीत आहे. ती आणि आळीतली आणखी सहा मुले दर रविवारी सकाळी आमच्या पडवीत जमतात आणि पुस्तकात पाहून आम्ही एखादा प्रयोग करतो. मुलांच्या उत्साहाची अडचण नाही, ती वेळेआधीच हजर असतात. अडचण वेगळीच आहे, ती एका प्रसंगावरून सांगतो.

ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा घातलेला काचेचा पेला. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते, हा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिला असेल. आमच्याकडच्या पुस्तकात कृतीच्या खालीच खुलासा छापलेला होता : जळताना ऑक्सिजन संपतो, तो हवेत सुमारे एक पंचमांश असतो, म्हणून त्याच्या जागी तेवढे पाणी चढते. मी तो वाचून दाखवला आणि पान उलटले. तेवढ्यात दुसरीतल्या एका मुलाने विचारले, "आजोबा, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी का नाही चढलं? विझल्यावरच एकदम का चढलं?"

प्रयोग पुन्हा केला, तर त्याचे म्हणणे खरे निघाले. मग नातीने एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या. पेला तोच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच, तरी पाणी आधीपेक्षा बरेच वर आले. पेला ठेवताना त्याच्या कडेखालून बुडबुडे निघाल्याचेही एकीने पाहिले होते. संध्याकाळी शोधाशोध केल्यावर कळले की ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापून प्रसरण पावते आणि तिच्यातली काही बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन काही प्रमाणात खर्च होतो हे खरे, परंतु तो सगळा संपण्याच्या बऱ्याच आधी ज्योत विझते, शिवाय त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतच असतो. पुस्तकातला खुलासा चुकला याचे मला तितकेसे वाटले नाही. रुखरुख लागली ती याची, की मी तो आधीच वाचून दाखवल्यामुळे बाकीच्यांनी पाण्याकडे नीट पाहिलेच नव्हते.

मे महिन्यात याच्या नेमका उलट अनुभव आला होता. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर आल्याने उभ्या वस्तूची सावली क्षणभर दिसेनाशी होते तो दिवस, चिपळूणला मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. (ऑगस्टच्या आरंभीही येतो, पण तो आमच्याकडे ढगांतच जातो.) गच्चीवर स्टीलचा उभा डबा ठेवून मुले त्याच्या सावलीच्या टोकाशी खडूने खुणा करत होती. बारा वाजता सगळी टाळ्या वाजवायला तयार, आणि सावली आपली तशीच. कारण मलाही माहीत नव्हते, त्यामुळे सांगण्याची सोयच नव्हती. मुलांनीच तर्क लढवले : घड्याळ पुढे आहे, डबा कललेला आहे, गच्चीला उतार आहे. शेजारच्या गवंडीकाकांकडून ओळंबा आणून तपासणी झाली. अखेर बारा वाजून एकतीस-बत्तीस मिनिटांनी सावली डब्याच्या बुडाखाली गेली. पुढच्या रविवारी नकाशाची वही काढली तेव्हा उलगडा झाला. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आम्ही सुमारे ७३.५ अंशांवर, एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून ९ अंशांना ३६. उरलेल्या चार-पाच मिनिटांचा वाद आमच्याकडे अजून चालू आहे, आणि कृपया त्याचे उत्तर इथे कोणी लिहू नये, कारण नात माझ्या खांद्यावरून वाचते.

आता मला हवी असलेली मदत. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत अशी पुस्तके आहेत का, ज्यांत कृती आणि प्रश्न असतील, पण खुलासा लगेच खाली छापलेला नसेल? मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाची 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तके याच पद्धतीची होती. मुलांनी प्रयोग करून निरीक्षणे स्वतः लिहायची, अशी त्यांची रचना होती. ती हिंदीत आहेत, आणि आमच्या दुसरीतल्या मुलांना हिंदी वाचणे जड जाते. मराठीत त्या धर्तीचे काही असल्यास, जुने असले तरी चालेल, कृपया कळवावे. तोवर मी खुलाशावर कागद चिकटवून काम भागवतो आहे, पण तो कागद उचकटण्याचाच आता एक स्वतंत्र खेळ झाला आहे.

दुसरे असे, की टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या पद्धतीने आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे (बारीक रबरी नळीचे) तुकडे जोडून आम्ही त्रिकोण-चौकोन केले. चौकोन दाबला की कलंडतो आणि त्रिकोण तसाच राहतो, हे मुलांना बोटांनीच कळले. मात्र येथील सायकलवाल्याकडची ती ट्यूब संपली आणि आता पुन्हा येणार नाही म्हणतो. तिला पर्याय म्हणून कोणी काय वापरता? स्ट्रॉचे तुकडे वापरून पाहिले, काड्या सुटून येतात. विकतचे विज्ञान संच कृपया सुचवू नयेत. एक आणला होता, त्यातली मोटर दोन रविवारांत बंद पडली आणि माहितीपत्रक इंग्रजीत होते.

सगळ्यांत अवघड प्रश्न शेवटी विचारतो. आमच्यात सहावीतला एक मुलगा आहे. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि पेला उपडा घालायच्या आतच उत्तर सांगून मोकळा होतो, की मग धाकटी मुले गप्प बसतात. त्याला गप्प करणे मला पटत नाही, कारण त्याने ते कष्टाने पाठ केले आहे. ज्या शिक्षकांनी किंवा पालकांनी वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र घेऊन असे प्रयोग केले असतील, त्यांनी अशा मुलाला कोणते काम दिले?