मदत हवी आहे: एजंटच्या उत्तराची वाट बघताना नवं लिखाण सुरू कसं ठेवायचं?

कादंबरी पूर्ण करून ११ लिटररी एजंटना (लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणारे) क्वेरी लेटर, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणारं पत्र, आणि पहिली ३ प्रकरणं पाठवली. ७ आठवडे झाले. दोन नकार, बाकी सगळे गप्प. दोन-तीन महिने सहज लागतात हे माहीत आहे, त्यामुळे प्रश्न तो नाही.

पुढचा भाग सुरू केला होता, पण पहिलाच कुणी घेतला नाही तर त्याला कोण विचारणार, म्हणून थांबवला. मग कथा घेतली, तर त्यातली म्हातारीसुद्धा माझ्या नायिकेसारखी वाक्यं अर्धवट सोडायला लागली! पाठवलेल्या संहितेला आता हात लावायचा नाहीये. रोज सकाळी पाऊण तासच मिळतो.

लघुकथा, भाषांतर की अगदीच वेगळं काही? जुन्या पात्राचा आवाज डोक्यातून जायला तुम्हाला नेमका कशाचा उपयोग झाला?