मदत हवी आहे: सिव्हिलायझेशन ७ घेऊ की ६ वरच राहू?

मंडळी, राज्य उभारायच्या या कॉम्प्युटर गेमचा पाचवा भाग (२०१०) आणि सहावा (२०१६) दोन्ही भरपूर खेळलोय, एक्स्पान्शनसकट (नंतर आलेल्या पुरवण्या). त्यामुळे 'आधी ६ खेळून बघ' हा सल्ला कृपया नको.

सहाव्यात शहर नकाशावर पसरायला लागलं. डोंगराला खेटून कॅम्पस (विज्ञानाचा विभाग, डोंगराशेजारी जास्त फायदा देतो) कुठे बसवायचा, हा हिशेब करत बसायला मला फार आवडतं. सातव्यात बिल्डर (शेतं, खाणी बांधणारे कामगार) काढून टाकलेत, त्याचं दुःख नाही. शेवटी शेवटी ते हलवायचा कंटाळाच यायचा. कमांडरच्या हाताखाली फौज गोळा करून एकत्र नेता येते, हे तर पाचव्यापासून हवं होतं.

घोडं अडलंय ते युगांपाशी. २०२५ मध्ये गेम आला तेव्हाच्या रचनेप्रमाणे एका डावाचे तीन तुकडे, नेता तोच पण दर युगात संस्कृती नवी. म्हणजे अशोकाला घेऊन मौर्यांपासून सुरुवात केली, तरी पुढे चोळ, मग मुघल! वर युग पालटलं की राजधानी सोडून बहुतेक शहरं पुन्हा छोटी नगरं होतात. यूट्यूबवर बरेच व्हिडिओ पाहिले, पण बहुतेक जण पहिल्या युगातच रमतात.

पीसीवर खेळतो, एकटाच, मल्टिप्लेअर नाही. लॅपटॉपला गेम झेपेल, ते तपासलंय. सेलसाठी थांबायचीही तयारी आहे.

तर ज्यांनी ५ किंवा ६ खेळून सातव्याची तिन्ही युगं पूर्ण केलीत, त्यांनी एवढंच सांगा: दुसऱ्या-तिसऱ्या युगात आपलंच राज्य पुढे चालवतोय असं वाटतं, की दरवेळी नवा डाव मांडल्यासारखं?